बॅरेट्सचं निदान झालंय? जुनाट ॲसिडिटी आणि बदललेलं अस्तर सांभाळण्याची पायरी-पायरीने माहिती

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'बॅरेट्स' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव असेल. ते डॉक्टरांचंच नाव आहे, पण जुन्या काळातल्या. नॉर्मन बॅरेट या ब्रिटनमधल्या सर्जनने १९५० साली अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला दिसणाऱ्या वेगळ्याच अस्तराबद्दल लिहिलं. हा भाग अन्ननलिकेचा नसून वर छातीत ओढलं गेलेलं जठर आहे, असं त्यांचं तेव्हाचं म्हणणं होतं. पुढे १९५७ साली त्यांनी ते बदललं. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्यांचाच आधी गोंधळ झाला होता, तर आपला होणारच.

मी डॉक्टर नाही. गेली अकरा वर्षं हे अस्तर बाळगून आहे, चार एंडोस्कोप्या (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासण्या) झाल्यात आणि मधल्या काळात एक मोठा मूर्खपणा करून झालाय. तो पुढे सांगतो. गोळ्यांचं प्रमाण आणि तपासणीच्या तारखा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायच्या आहेत. त्यांच्यासमोर बसताना काय विचारावं आणि घरी काय सांभाळावं, तेवढ्यासाठी हा लेख.

१. आधी दोन आजार वेगळे करा

पहिला आजार तुम्हाला जाणवतो. जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली किंवा अवेळी उघडली की जठरातलं आम्ल वर येतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं, रात्री खोकल्याने जाग येणं, सकाळी आवाज बसलेला असणं, हे सगळं त्याचं.

दुसरा आजार जाणवत नाही. वर्षानुवर्षं आम्ल आणि त्यासोबत पित्तरस लागत राहिला की अन्ननलिकेचं मूळ अस्तर, जे साधारण तोंडाच्या आतल्या त्वचेसारखं असतं, जागोजागी निघून जातं आणि तिथे आतड्यासारखं अस्तर येतं. दुर्बिणीतून मूळ अस्तर फिकट गुलाबी दिसतं, नवं लालसर. हे नवं अस्तर म्हणजे बॅरेट्स. ते कॅन्सर नव्हे. पण काही थोड्या लोकांमध्ये त्याच्या पेशी पुढे बिघडत जातात, म्हणून त्यावर नजर ठेवायची.

आता खरी मेख. हे नवं अस्तर आम्लाला तितकं संवेदनशील नसतं. त्यामुळे बॅरेट्स झाल्यावर काहींची जळजळ उलट कमी होते. म्हणजे 'आता बरं वाटतंय' या वाक्याला पहिल्या आजाराच्या बाबतीत अर्थ आहे, दुसऱ्याच्या बाबतीत नाही. जळजळ तुम्ही मोजू शकता. अस्तराचं काय चाललंय ते फक्त दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक सांगतात.

माझा मूर्खपणा इथलाच. निदानानंतर दोन वर्षं आम्ल कमी करणारी गोळी घेतली, जळजळ पूर्ण थांबली, म्हणून गोळी सोडली. तीन वर्षांनी ठरलेली एंडोस्कोपी 'काही होत नाहीये' म्हणून पाचव्या वर्षी केली. अन्ननलिका सुजलेली होती आणि रिपोर्ट आला: 'डिस्प्लेसियाबाबत अनिश्चित', म्हणजे पेशी बिघडल्यात की नाही ते नक्की सांगता येत नाही. पुढचे पाच महिने कसे गेले ते विचारू नका.

भाषेचाही एक सापळा आहे. आपण 'पित्त झालं', 'पित्त उसळलं' असं सरसकट म्हणतो. डॉक्टरांच्या लेखी पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस आणि आम्ल म्हणजे जठरातलं. त्यामुळे डॉक्टरांना 'पित्त' एवढंच सांगू नका. आंबट पाणी येतं की कडू, जळजळ होते की अन्न वर येतं, जेवल्यावर की आडवं झाल्यावर, असं फोडून सांगा. उपचार त्यावर बदलतात.

२. रिपोर्ट दोन असतात, दोन्ही वाचा

एक रिपोर्ट एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांचा, म्हणजे डोळ्यांना काय दिसलं त्याचा. दुसरा पॅथॉलॉजिस्टचा, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यांत काय आढळलं त्याचा. बरेच जण पहिला घेऊन घरी जातात आणि दुसरा आणायचा राहून जातो. निदान दोन्ही मिळून होतं.

एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'सी' आणि 'एम' या अक्षरांपुढे आकडे शोधा. याला प्राग वर्गीकरण म्हणतात. 'सी' म्हणजे बदललेलं अस्तर पूर्ण गोलाकार किती सेंटीमीटर पसरलंय, 'एम' म्हणजे त्याची सगळ्यात लांब जीभ कुठवर पोचलीय. 'सी २ एम ५' याचा अर्थ दोन सेंटीमीटरपर्यंत चहूबाजूंनी आणि एखादा पट्टा पाच सेंटीमीटरपर्यंत. पुढची तपासणी किती वर्षांनी, हे बरंचसं या लांबीवर ठरतं. रिपोर्टमध्ये हे आकडे नसतील तर मागून घ्या. नुसतं 'बॅरेट्स दिसलं' हे अर्धवट वाक्य आहे.

लांबी एक सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, किंवा फक्त 'झेड लाइन (अन्ननलिका आणि जठर यांच्या अस्तरांची सीमारेषा) अनियमित' असं लिहिलं असेल, तर बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिला बॅरेट्स म्हणत नाहीत. अशा कितीतरी लोकांना उगाच हे लेबल लागतं आणि आयुष्यभर चिकटतं. तुमचं तसं आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

तिथेच 'हायटस हर्निया' हा शब्दही दिसेल. जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या भोकातून छातीत सरकलेला असणं, एवढाच त्याचा अर्थ. बॅरेट्सवाल्यांमध्ये तो फार आढळतो.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. आतड्यासारख्या पेशी, म्हणजे 'इंटेस्टिनल मेटाप्लेसिया', सापडल्या का? आणि डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींची बिघडलेली ठेवण, आहे का? उत्तर चारपैकी एक असतं: नाही, अनिश्चित, लो ग्रेड (कमी बिघाड), हाय ग्रेड (जास्त बिघाड).

आता तो आकडा, ज्याच्यासाठी सगळे रात्री दोन वाजता मोबाइल उघडून बसतात. डिस्प्लेसिया नसेल तर कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला हजारात साधारण एक ते पाच. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या नोंदींवरून केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते वर्षाला ०.१२ टक्के निघालं. 'बॅरेट्सने कॅन्सरचा धोका तीस-चाळीस पट वाढतो' हे वाक्यही तुम्हाला सापडेल. ते वाचून मीही पांढराफटक पडलो होतो. मूळ धोका इतका लहान असतो की तो कितीतरी पटींनी वाढला तरी हाती येणारा आकडा लहानच राहतो. पट वाचू नका, वर्षाला हजारात किती ते वाचा.

हाय ग्रेड डिस्प्लेसियाचं गणित वेगळं आहे. तिथे प्रमाण वर्षाला शंभरात पाच-सातच्या घरात जातं, म्हणून वाट न बघता उपचार करतात.

३. फाइल बनवा, आजच

माझ्या 'अनिश्चित' रिपोर्टनंतर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पहिल्या वेळच्या स्लाइड्स मागितल्या. माझ्याकडे होता फक्त मोबाइलवर काढलेला रिपोर्टचा तिरका फोटो. स्लाइड्स कुठे गेल्या, कोणालाच सांगता येईना. तुलना करायला काही राहिलंच नाही. म्हणून फाइलमध्ये हे ठेवा:

- प्रत्येक एंडोस्कोपीचा रिपोर्ट, रंगीत फोटोंसह
- प्रत्येक बायोप्सीचा रिपोर्ट आणि त्यावरचा नमुना क्रमांक
- स्लाइड्स आणि बायोप्सीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे कुठल्या प्रयोगशाळेत आहेत, किती वर्षं जपून ठेवतात, ही नोंद
- आम्लमापन (अन्ननलिकेत किती आम्ल येतं ते मोजणारी चाचणी) किंवा मॅनोमेट्री (अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी चाचणी) झाली असेल तर त्यांचे रिपोर्ट
- सध्याच्या सगळ्या औषधांची यादी, इतर आजारांच्या औषधांसकट
- हिमोग्लोबिन, बी-१२, मॅग्नेशियम, किडनीच्या तपासण्या
- पहिल्या पानावर एकच ओळ: लांबी, डिस्प्लेसिया आहे की नाही, पुढची तारीख

ही शेवटची ओळ सगळ्यात जास्त कामाला येते. नवे डॉक्टर आधी तेवढंच वाचतात.

४. गोळी घेण्याची वेळ

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल, राबेप्राझोल या सगळ्या एकाच घराण्यातल्या गोळ्या. जठराच्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते या गोळ्या बंद करतात. मात्र चालू असलेलेच पंप बंद होतात, आणि पंप चालू होतात जेवणाच्या वेळी. म्हणून गोळी अनशापोटी घ्यायची आणि अर्ध्या ते एक तासात जेवायचं. जेवण झाल्यावर किंवा झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. 'गोळीने मला फरकच पडत नाही' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कधी घेता? दोनातला एक जण म्हणतो, आठवेल तेव्हा.

उलटी चूकही होते: गोळी घेतली आणि दुपारपर्यंत काही खाल्लंच नाही.

पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. एका दिवसात निकाल लावू नका. कॅप्सूलमधले दाणे चावू नका, कुटू नका, त्यांच्यावरचं आवरणच त्यांना जठरातल्या आम्लापासून वाचवतं. डॉक्टरांनी दोन वेळा सांगितली असेल तर दुसरी संध्याकाळच्या जेवणाआधी, अंथरुणात शिरताना नाही.

चटकन आराम हवा असेल तर अँटासिड. त्याने आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं, पण परिणाम थोडा वेळच टिकतो. अल्जिनेट असलेली औषधं जठरातल्या द्रवावर तरंगणारा सायीसारखा थर करतात, जेवणानंतर घशाशी येत असेल तर ती चांगली. अँटासिड आणि इतर गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर इतर औषधं नीट शोषली जात नाहीत. थायरॉइडची आणि लोहाची गोळी घेणाऱ्यांनी पंप बंद करणाऱ्या गोळीबद्दलही डॉक्टरांना सांगावं. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल सहसा टाळतात.

गोळी एकदम थांबवलीत तर काही काळ आम्ल पूर्वीपेक्षाही जोरात येतं, दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसं. हा आजार वाढल्याचा पुरावा नव्हे, पण त्रास खरा असतो. आणि बॅरेट्स असेल तर बहुतेकांना गोळी कायमच सांगितलेली असते, तेव्हा मनाने थांबवण्याचा प्रश्नच येऊ नये. इतकी वर्षं घेतली तर हाडं, किडनी, विसरभोळेपणा असं काही होईल का, ही भीती मलाही होती. पॅन्टोप्राझोल आणि बिनऔषधाची गोळी यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १७ हजारांवर माणसं, साधारण तीन वर्षं. आतड्यातले जंतुसंसर्ग थोडे जास्त आढळले, बाकी धास्तीच्या गोष्टींत ठळक फरक दिसला नाही. तरी बी-१२ आणि मॅग्नेशियम अधूनमधून तपासायचं का, हे विचारून ठेवा.

कोणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन मात्र सुरू करू नका. बॅरेट्समध्ये जास्त मात्रेची इसोमेप्राझोल आणि ॲस्पिरिन यांचा अभ्यास झालाय, २०१८ साली तो छापूनही आला, त्यावरून हा सल्ला फिरत असतो. ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो. तो निर्णय तुमचं हृदय, वय, जठर सगळं बघून डॉक्टरांनी घ्यायचा. अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या इतर वेदनाशामक गोळ्यांचंही तेच.

५. रात्र

दिवसा आपण उभे असतो, लाळ गिळत असतो, वर आलेलं आम्ल खाली जातं. झोपेत गिळणं जवळजवळ थांबतं. जे वर येतं ते तासन्‌तास तिथेच बसतं. मला विचाराल तर खाण्यापिण्याच्या पथ्यापेक्षा झोपेचं पथ्य आधी पाळा.

शेवटचं खाणं आणि आडवं होणं यात तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे मजबूत ठोकळे घाला, किंवा कमरेपासून डोक्यापर्यंत उतार देणारी फोमची पाचर घ्या. उशांवर उशा रचू नका. तीन उशांनी मान आणि पोट दुमडतं, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट जास्त चढतं. मी हा प्रयोग वर्षभर केला. मिळालं काय, तर मानेचं दुखणं.

ठोकळे लावल्यावर पहिले काही दिवस सकाळी तुम्ही पायथ्याशी घसरलेले सापडाल. सवय होते. शेजारी झोपणाऱ्याला आधी सांगून ठेवलंत तर बरं.

डाव्या कुशीवर झोपा. जठराची रचना अशी आहे की डावीकडे वळलं की आम्लाचं तळं अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं, उजवीकडे वळलं की वर येतं. मोफत उपाय आहे आणि त्याच रात्री फरक जाणवतो.

६. खाणंपिणं: यादी स्वतःची स्वतः करा

छापील याद्यांमध्ये कॉफी, चॉकलेट, पुदिना, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, कांदा, तळलेलं, तिखट, फसफसणारी पेयं, दारू, सगळंच असतं. सगळं सोडलं की माणूस चिडचिडा होतो आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच पुन्हा सुरू करतो. दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी. तुमचे खरे शत्रू दोन-तीनच निघतील. माझ्या बाबतीत कॉफी निर्दोष सुटली, रात्रीचं तेलकट खाणं अडकलं. स्निग्ध पदार्थांनी जठर उशिरा रिकामं होतं, हे त्याचं कारण.

पदार्थांपेक्षा तीन गोष्टींनी जास्त फरक पडतो: एका वेळी किती खाता, पोटाचा घेर आणि तंबाखू. घेर कमी झाला की जठरावरचा दाब कमी होतो. तंबाखूने झडप सैल पडते, शिवाय कॅन्सरचा धोका वेगळाच. घट्ट पट्टाही सैल करा, हसण्यावारी नेऊ नका.

७. एंडोस्कोपीच्या दिवशी

साधारणपणे आधीचे सहा तास घन अन्न बंद आणि दोन तास पाणीही बंद असतं. तुमच्या केंद्राने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. आठवडाभर आधी या गोष्टी कळवा: मधुमेहाची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, कुठलीही ॲलर्जी, हलणारे दात किंवा कवळी. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर आवर्जून सांगा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रक्त पातळ करणारी औषधं स्वतःहून कधीही बंद करू नका.

एक सापळा नीट समजून घ्या. आम्लमापनाच्या चाचणीआधी पंप बंद करणारी गोळी पुष्कळदा सात दिवस थांबवायला सांगतात. बॅरेट्सच्या नियमित एंडोस्कोपीआधी मात्र ती चालू ठेवायची असते. सूज असली की पेशी वेड्यावाकड्या दिसतात, आणि ती सूज की डिस्प्लेसिया हे पॅथॉलॉजिस्टला ठरवता येत नाही. माझ्या 'अनिश्चित' रिपोर्टचं मूळ तेच होतं. रोज दोन वेळा गोळी घेऊन पाच महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा डिस्प्लेसिया नव्हताच. पहिल्याच एंडोस्कोपीत जास्त व्रण आणि सूज दिसली असेल, तर आठ-बारा आठवडे औषध घेऊन पुन्हा दुर्बीण घालतात, तेही याचसाठी. सुजेखाली बॅरेट्स लपून राहू शकतं.

डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, तरी हे विचारा: तुकडे कुठून आणि किती घेणार? मान्य पद्धत, जिला सिॲटल प्रोटोकॉल म्हणतात, ती अशी: बदललेल्या भागात दर दोन सेंटीमीटरला चारही बाजूंनी एकेक तुकडा, आणि कुठे उंचवटा किंवा वेगळा डाग दिसला तर त्याचा वेगळा. पाच सेंटीमीटर लांबी असेल आणि रिपोर्टमध्ये 'दोन तुकडे घेतले' असं असेल, तर ती तपासणी झाली असं समजू नका. अस्तर नीट धुऊन सावकाश बघणं हेही तितकंच महत्त्वाचं. सेंटीमीटरला निदान एक मिनिट, असं म्हणतात.

तुकडे काढताना दुखत नाही. त्या अस्तराला तशी वेदना कळत नाही. घसा एखादा दिवस खवखवतो. घशात बधिर करणारा फवारा मारला असेल तर बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा नको. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर सोबत कोणीतरी हवंच, आणि चोवीस तास गाडी चालवणं, कागदपत्रांवर सह्या करणं बंद. डॉक्टर तेव्हा जे सांगतात ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही, म्हणून सोबतच्या माणसाला ऐकायला बसवा.

८. पुढची तारीख

डिस्प्लेसिया नसेल तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०२२ सालच्या मार्गदर्शनानुसार तीन सेंटीमीटरपेक्षा कमी लांबीला पाच वर्षांनी, तीन किंवा जास्त असेल तर तीन वर्षांनी. युरोपातलं मार्गदर्शनही याच आसपास आहे. लांबी दहा सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर या आजाराचा अनुभव असलेल्या केंद्रात पाठवायला ते सांगतात.

दरवर्षी करून घेऊ का? सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं. डिस्प्लेसिया नसताना दरवर्षी दुर्बीण घालून फारसं हाती लागत नाही, पैसा आणि जीव मात्र टांगणीला लागतो. उलट तारीख चुकवणंही नको. खूप वय झालं किंवा इतर आजार गंभीर असले, तर तपासण्या थांबवायच्या का हा प्रश्न रास्त आहे, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

९. डिस्प्लेसिया निघाला तर

आधी दुसरं मत. हा आजार नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्याच स्लाइड्स तपासून घ्या. नेदरलँड्समध्ये लो ग्रेडचे रिपोर्ट तज्ज्ञांनी पुन्हा वाचले तेव्हा ८५ टक्क्यांची पायरी खाली आली, असं २०१० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे सुरुवातीचं निदान सौम्य ठरलं. मात्र ज्यांचं लो ग्रेड पक्कं ठरलं त्यांचा धोका खरोखर मोठा होता. दुसरं मत दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं.

पक्कं झालं तर उपचार दुर्बिणीतूनच होतो, छाती उघडावी लागत नाही. उंचवटा असेल तर तो आधी कापून काढतात आणि तपासतात. सपाट उरलेलं अस्तर रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात. २००९ सालच्या चाचणीत या पद्धतीने लो ग्रेडवाल्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि हाय ग्रेडवाल्यांपैकी ८१ टक्के लोकांचा डिस्प्लेसिया गेला होता. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. प्रत्येक वेळी काही दिवस छातीत आणि गिळताना दुखतं, आणि काहींची अन्ननलिका नंतर आकुंचन पावते, ती फुग्याने रुंद करावी लागते. अस्तर गेलं तरी गोळ्या आणि तपासण्या सुटत नाहीत, कारण ते परत येऊ शकतं.

झडप घट्ट करण्याचं ऑपरेशन, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचं, हा वेगळा विषय. गोळ्या घेऊनही अन्न वर येत असेल तर ते उपयोगी. 'ऑपरेशन केलं की कॅन्सरची भीती संपली' असं कोणी सांगितलं तर मानू नका, दुर्बीण चालूच राहते.

१०. तारखेची वाट बघायची नाही अशा गोष्टी

घास अडकायला लागणं, आधी घन पदार्थ आणि मग पातळही. गिळताना दुखणं. कारण नसताना वजन उतरणं. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी. हिमोग्लोबिन घसरणं. यातलं काहीही झालं तर पुढची एंडोस्कोपी चार वर्षांनी असली तरी आत्ता जायचं. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर थेट आकस्मिक विभागात.

आणि छातीत दुखलं तर 'माझी नेहमीची ॲसिडिटी' म्हणून अँटासिड पिऊन बसू नका. दाब, घाम, धाप, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर आधी हृदय तपासा. आपल्यासारख्यांच्या बाबतीत ही चूक सोपी असते, कारण छातीतलं दुखणं आपण ओळखीचं मानून बसलेलो असतो.

११. घरच्यांना सांगा

बॅरेट्स किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्याच्या सख्ख्या नातेवाइकांना धोका थोडा जास्त असतो. पन्नाशीपुढचा पुरुष, जुनी जळजळ, सुटलेलं पोट, तंबाखू, यातल्या गोष्टी जोडीला असतील तर एकदा तपासून घ्यावं. दोरा बांधलेली कॅप्सूल गिळायची, ती पोटात फुगून स्पंज होते आणि दोरा ओढून बाहेर काढताना अन्ननलिकेच्या पेशी खरवडून आणते, अशी सोपी चाचणीही ब्रिटनमध्ये विकसित झाली आहे. जिथे ती मिळत नाही तिथे एंडोस्कोपी.

मी थोरल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, मला वीस वर्षं होता तो त्रास. हल्ली आपोआप गेलाय, गोळी नाही की काही नाही." हे 'आपोआप गेलाय' ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. त्याला त्याच आठवड्यात एंडोस्कोपीला नेलं, भुलीच्या गुंगीतून उतरेपर्यंत शेजारी बसून राहिलो. लहानसा हर्निया निघाला, बॅरेट्स नाही. तेव्हापासून घरात कोणी ढेकर दिला तरी तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "याला सांगू नका, दुर्बीण घेऊन येईल."